कुरण या शब्दाचे आम्ही काय केले?

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा हा महाविद्यालयांतील मराठी विभागांच्या लगबगीचा. २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. ग्रंथदिंडी निघते, फलक रंगतात, पाहुणे येतात. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून भाषणांचा स्वर आणखीच चढला आहे. दुसऱ्या दिवशी, २८ ला, त्याच सभागृहात राष्ट्रीय विज्ञान दिन होतो. फलक बदलतो, पाहुणे बदलतात, खुर्च्या त्याच राहतात. लीप वर्ष नसेल तर त्यापुढचा दिवस १ मार्च. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ साली श्रीलंकेच्या पुढाकाराने ठराव करून हा दिवस जागतिक समुद्री गवत दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी आमच्या सभागृहाला कुलूप असते.

आम्ही दोघे जालना जिल्ह्यात मराठी शिकवतो. हे तीन दिवस एका सूत्रात ओवून एखादे छोटेसे चर्चासत्र घ्यावे, असे आम्ही शिक्षककक्षात सुचवून पाहिले. प्रस्ताव बारगळला, त्याचे दुःख नाही. प्रस्ताव बारगळण्यासाठीच असतात. पण तो बारगळताना जी दोन वाक्ये सहजपणे उच्चारली गेली, ती मात्र मनातून जात नाहीत. पहिले वाक्य : “अहो सर, जालन्याला समुद्र कुठंय?” आणि दुसरे : “आणि मॅडम, गवत हा काय साहित्याचा विषय आहे?” सगळे हसले, आम्हीही हसलो. नंतर विचार करता जाणवले की, आपल्या अध्यापनाचा आणि समीक्षेचा सारा संवेदनस्वभाव या दोन वाक्यांत सामावलेला आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोन वाक्यांना दिलेले उशिराचे उत्तर होय.

१.

जालन्याला समुद्र नाही, हे मान्य. भोकरदनपासून गोदावरीच्या काठापर्यंत आमच्या जिल्ह्यात खाऱ्या पाण्याचा थेंब नाही. परंतु जालन्याच्या अभ्यासक्रमात समुद्र आहे, आणि भरपूर आहे. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांना सुचलेली कविता मंठा आणि घनसावंगी तालुक्यांतली मुले तोंडपाठ म्हणतात. ‘विशाखा’मधील (१९४२) ‘कोलंबसाचे गर्वगीत’ स्नेहसंमेलनात अजूनही टाळ्या घेते. ज्याने समुद्र कधी पाहिलेला नाही अशा विद्यार्थ्याने समुद्रकवितेचे रसग्रहण लिहावे आणि दहापैकी आठ गुण मिळवावेत, याला आपली कधीही हरकत नव्हती. मग समुद्राचा पृष्ठभाग जर जालन्यात चालतो, तर तळानेच कोणता गुन्हा केला?

या दोन्ही कवितांतील समुद्राशी असलेले नाते पाहण्याजोगे आहे. एका कवितेत समुद्र हा वचन दिलेला आणि आता जाब विचारला जाणारा सखा आहे. दुसरीत तो आव्हान दिलेला प्रतिस्पर्धी आहे. दोन्हींत माणूस काठावर किंवा जहाजावर उभा आहे आणि समुद्र त्याच्यासमोर पसरलेला आहे. हे त्या कवींचे न्यून नव्हे. त्यांच्या कवितेला तेवढाच समुद्र हवा होता. न्यून आहे ते आम्हा शिकवणाऱ्यांचे. आम्ही विद्यार्थ्यांना समुद्र म्हणजे लाटा, गाज, क्षितिज आणि अथांगता एवढाच संच दिला. ‘अथांग’ हे विशेषण तर आम्ही इतक्या वेळा फळ्यावर लिहिले की, ज्याचा थांग लागत नाही त्यालाही तळ असतो, ही साधी गोष्ट आमच्याही मनातून पुसली गेली.

मधला दिवसही समुद्राचाच आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे. १९२१ सालच्या इंग्लंडच्या प्रवासात भूमध्य समुद्राची निळाई पाहून चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रश्न पडला. ती केवळ आभाळाचे प्रतिबिंब आहे, हे रूढ उत्तर त्यांना पटेना. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात हे त्यांनी दाखवले, आणि त्या प्रश्नाची वाट पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत गेली. म्हणजे २७ ला समुद्राला उद्देशून कविता लिहिणारा कवी, २८ ला समुद्राच्या रंगाविषयी प्रश्न विचारणारा वैज्ञानिक आणि १ मार्चला समुद्राचा तळ! तिन्ही दिवस शेजारी राहतात, पण एकमेकांच्या घरी जात नाहीत.

२.

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळे नसतात, फुले नसतात. समुद्री गवताला मुळे असतात, वाळूत आडवी पसरत जाणारी खोडे असतात, पाने, फुले, फळे आणि बिया असतात. जमिनीवर वाढलेल्या वनस्पतींच्या काही शाखा सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्रात गेल्या आणि तिथेच रुळल्या. त्यांचे परागण वाऱ्यावर किंवा मधमाशीवर अवलंबून नाही. परागकण पाण्यातून वाहत जातात. जगभरात त्यांच्या जेमतेम सत्तरेक जाती आहेत आणि अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांच्या किनाऱ्यांवर त्या आढळतात. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर हिशेबात हे खरे गवतही नाही. ज्वारी, ऊस आणि हराळी यांच्या कुळाशी त्याचे नाते लांबचेच. दिसते गवतासारखे, म्हणून गवत. याचा अर्थ ‘समुद्री गवत’ हे नावच मुळात एक रूपक आहे. आणि रूपक हा तर आपला प्रांत!

हे गवत उथळ, ऊन पोहोचेल अशा पाण्यात वाढते. त्याची पाने प्रवाहाचा वेग कमी करतात, त्यामुळे गाळ खाली बसतो. मुळे तो धरून ठेवतात, त्यामुळे पाणी स्वच्छ राहते. पाणी स्वच्छ राहिले की ऊन पुन्हा तळाशी पोहोचते. हे चक्र जोवर फिरते तोवर माशांची पिल्ले, कोळंबी, खेकडे यांना आसरा मिळतो आणि किनाऱ्याची वाळू जागेवर राहते. समुद्राच्या तळाचा हजारात दोन भागही या गवताने व्यापलेला नाही. तरीही दरवर्षी समुद्रतळात जो कार्बन गाडला जातो, त्यातला अंदाजे दहावा हिस्सा त्याच्या खाली जातो असे मानले जाते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार, १८७९ पासूनच्या नोंदी पाहता ज्ञात क्षेत्रापैकी २९ टक्के गवत नाहीसे झाले होते आणि १९९० नंतर ऱ्हासाचा वेग वर्षाला सात टक्क्यांवर गेला होता. कारणे गूढ नाहीत : सांडपाणी, गाळ, बंदरांसाठी उपसा, तळ खरवडणारी ट्रॉलरची जाळी, पर्यटक बोटींचे नांगर आणि तापत चाललेले पाणी.

भारतात पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचे आखात, कच्छचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार इथे मिळून सुमारे पाचशे चौरस किलोमीटर समुद्री गवत आहे. आपल्या गढूळ पाण्याच्या कोकणपट्टीला त्यातला वाटा अगदी थोडा आला. पण आला आहे. खाड्यांच्या चिखलात, खारफुटीच्या सावलीत, ‘हॅलोफिला बेक्कारी’ नावाची बोटाच्या पेराएवढ्या पानांची जात वाढते, आणि ती जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील टी. जी. जगताप यांनी १९९१ साली भारतीय किनाऱ्यावरील समुद्री गवतांच्या वितरणाविषयी शोधनिबंध लिहिला, पुढे लक्षद्वीपच्या गवताचाही अभ्यास केला. आडनाव आपले, किनारा आपला, निबंध इंग्रजीत. यात संशोधकाचा दोष नाही. विज्ञानाचा व्यवहार त्या भाषेत चालतो. प्रश्न असा आहे की, तो निबंध प्रसिद्ध झाल्यानंतरच्या तीन दशकांत मराठीच्या एकाही प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्याकडे पाहावेसे का वाटले नाही? त्या प्राध्यापकांत आम्हीही आहोत.

३.

आता शब्दाकडे वळू. इंग्रजीत या गवताच्या पसाऱ्याला जे नाव आहे, त्याला मराठीत नेमका, तयार, जुना शब्द आहे : कुरण. गवतासाठी, चराईसाठी राखलेली जमीन म्हणजे कुरण. पेशवाईच्या कागदपत्रांत घोडदळाच्या वैरणीसाठी राखलेल्या कुरणांचे उल्लेख येतात. कुरण राखावे लागते, त्याची कापणी ठरलेल्या वेळी होते, त्यात कुणाची गुरे कधी शिरतील याचे नियम असतात. सांभाळ, मर्यादा आणि वाटणी हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात होते.

आज वर्तमानपत्र उघडून पाहा. कुरण कशाचे? भ्रष्टाचाराचे. अमुक खाते म्हणजे चरण्याचे कुरण, तमुक महामंडळ म्हणजे पुढाऱ्यांचे कुरण. राखण्याचा शब्द लुटण्याचा झाला. आमच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही या शब्दावर वाक्य करायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी भ्रष्टाचाराचेच वाक्य केले. विद्यार्थ्यांना हसण्यात अर्थ नाही; त्यांनी भाषा जशी मिळाली तशी वापरली.

कुरणाचीच ही गत नाही. गवताविषयी आपल्या शिष्ट भाषेची एकूण दृष्टीच पाहा. क्षुद्र मानायचे तर ‘तृणवत्’ लेखायचे, शरण जायचे तर ‘दाती तृण’ धरायचे, निरर्थक आशा असेल तर ‘खडकावर हराळी’ उगवायची. एक तुकोबांच्या अभंगातले लव्हाळे तेवढे सन्मानाने उभे आहे, आणि तेही नमते घेण्याचे दृष्टान्त म्हणूनच आम्ही शिकवत आलो. महसुली भाषेने यावर कळस चढवला. सातबाऱ्यावर गवताची जमीन ‘पोटखराब’ होते, गावाच्या नोंदीत ती ‘पडीक’ होते. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने आणि राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने तयार केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात (अलीकडची आवृत्ती २०१९) झुडपी माळ आणि ऱ्हास पावलेली चराऊ राने यांची गणना ‘वेस्टलँड’ म्हणूनच होते. ज्यावर मेंढरे जगतात, ज्यात तितर अंडी घालतो, जे पहिल्या पावसाचे पाणी धरते, ते सारे ‘वेस्ट’. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा याच ‘क्षुद्र’ तृणासाठी सरकारी तिजोरी उघडावी लागली, हे आपण दोन पावसाळ्यांत विसरलो.

इथे जालना आणि समुद्र एकत्र येतात. कोणी म्हणेल, आमची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी समुद्राला. तेव्हा जालन्याचा समुद्राशी संबंध आहेच. तो आहे, पण आमची गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या शेतातले खत लक्षद्वीपचे गवत मारते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. आमचा संबंध पाण्याचा नाही, शब्दाचा आहे. माळावरच्या गवताला ‘पडीक’ म्हणणारी नजर आणि समुद्रतळाच्या गवताला ‘काही नाही, नुसती घाण’ म्हणणारी नजर एकच आहे. ड्यूगाँग हा समुद्री सस्तन प्राणी जवळपास पूर्णपणे या गवतावर जगतो. दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खातो. मराठीत त्याला समुद्रगाय म्हणतात. अंदमान-निकोबारचा तो राज्यप्राणी आहे, आणि भारताच्या पाण्यात अंदाजे दोनशेच्या आसपासच उरला आहे. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे ड्यूगाँग संवर्धन क्षेत्र घोषित केले. आपल्या भाषेत सांगायचे तर समुद्रगाईसाठी गायरान राखले. हे वाक्य जालन्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला एका क्षणात समजेल. न समजण्याची सोय फक्त आमच्या शिक्षककक्षात आहे.

४.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हा साहित्याचा विषय आहे काय? त्यासाठी लक्षद्वीपला जावे लागेल. छत्तीस बेटे, त्यांपैकी दहांवर वस्ती. सगळी जमीन मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास. प्रवाळाच्या कड्याने वेढलेले उथळ, शांत पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते या बेटांचे अंगण. आगत्ती बेटाच्या अंगणात समुद्री गवताचे दाट कुरण होते.

हिरवे कासव प्रौढ वयात मुख्यतः हेच गवत खाते. एके काळी बेटांवर कासवांची शिकार होई. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) सागरी कासवांना संरक्षण मिळाले, शिकार थांबली, आणि पुढे आगत्तीच्या लगूनमध्ये कासवांची संख्या विलक्षण वाढली. संवर्धनाचे यश! पण कासवांनी कुरण मुळापर्यंत खुडले. गवत आखूड झाले, विरळ झाले, आणि त्यात वाढणारे मासे कमी झाले. आगत्तीचे मच्छीमार म्हणू लागले की, कासवे आमचे मासे संपवत आहेत आणि जाळीही फाडत आहेत. बाहेरच्यांना ती अडाणी तक्रार वाटली. शाकाहारी कासव मासे कसे संपवेल? म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनमधील रोहन आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुरण मोजले, मासे मोजले, मच्छीमारांचे म्हणणे नोंदवले. २०१० आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांतून दिसले की, मच्छीमारांचे निरीक्षण बरोबर होते. कासव मासा खात नाही, पण माशाचे घर खाते. एका बेटाचे कुरण संपल्यावर कासवे दुसऱ्या बेटाकडे वळली, तिथले संपल्यावर तिसऱ्याकडे. याच गटातून २०२१ साली आलेल्या निबंधाचा निष्कर्ष असा की, एकामागून एक बेटांवरची ही कुरणे द्वीपसमूहाच्या व्याप्तीवर आपले काम करेनाशी झाली आहेत.

आता सांगा, यात खलनायक कोण? कायदा चुकीचा नाही. तो नसता तर कासवे उरली नसती. कासव दोषी नाही. ते लक्षावधी वर्षे गवतच खात आले आहे. कासवांना खाणारे मोठे शार्क मासेमारीने विरळ झाले आणि त्यांची कुरणे इतरत्र उजाड झाली, तर ती उरलेल्या कुरणावर गर्दी करणारच. मच्छीमार दोषी नाही. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. आणि गवत तर बोलतच नाही. हेगेलने ‘अँटिगॉनी’विषयी जे म्हटले, ते आम्ही दरवर्षी शोकात्मिकेच्या घटकात सांगतो : खरी शोकात्मिका न्याय आणि अन्याय यांच्या झगड्यात नसते, ती दोन न्याय्य बाजूंच्या झगड्यात असते. मग आगत्तीच्या लगूनमध्ये जे घडले, ते साहित्याचा विषय नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

इथे आमची तक्रार आपल्या तथाकथित पर्यावरणवादी समीक्षेविरुद्ध आहे. गेल्या काही वर्षांत ‘अमुकांच्या कवितेतील पर्यावरणीय जाणीव’ या साच्याचे प्रबंध आणि चर्चासत्रे उदंड झाली. त्यांचा निष्कर्ष वाचण्याआधीच ठाऊक असतो : निसर्ग निष्पाप, माणूस हावरट, कवी हळवा. या त्रिकोणात आगत्तीचा मच्छीमार कुठे बसवणार? तिथे निसर्गाचाच एक घटक दुसऱ्याला संपवतो आहे, माणसाच्या चांगुलपणाने त्यात भर घातली आहे, आणि ‘अडाणी’ माणसाचे म्हणणे शास्त्राने खरे ठरवले आहे. हळवेपणाने हे कळत नाही. त्यासाठी नेमकेपणा लागतो, आणि नेमकेपणा शिकवणे हेच भाषेच्या शिक्षकाचे काम आहे.

५.

सौंदर्याचा मुद्दाही टाळता येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपची छायाचित्रे घरोघर पोहोचली. मराठी पुरवण्यांनीही लेख लिहिले, आणि त्यांतली विशेषणे आम्हांला परिचित होती : नितळ, निळेशार, शुभ्र वाळू, स्फटिकासारखे पाणी. ही विशेषणे निरुपद्रवी नाहीत. शेजारच्या मालदीवमध्ये अनेक विश्रामगृहांनी पाहुण्यांना पांढऱ्या तळावरचे निळे पाणी दिसावे म्हणून लगूनमधले गवत उपटून काढले. ते गडद दिसते, ‘अस्वच्छ’ वाटते, छायाचित्रात डाग पाडते. २०१९ साली तिथे या प्रथेविरुद्ध मोहीम झाली आणि तीसहून अधिक विश्रामगृहांनी आपले गवत राखण्याचे वचन दिले. म्हणजे एक संपूर्ण परिसंस्था नष्ट होत होती ती एका सौंदर्यकल्पनेमुळे. समुद्र नितळ आणि रिकामा असावा, ही ती कल्पना. रामन यांनी समुद्राच्या निळाईला प्रश्न विचारला. आपण तिचे नुसते विशेषण केले.

सौंदर्यकल्पना कुठून येतात हे आम्ही सौंदर्यशास्त्राच्या तासाला शिकवतो. त्या पाठ्यपुस्तकांतून, चित्रपटगीतांतून, निबंधांच्या नमुन्यांतून येतात. आमच्या जिल्ह्यातली नवविवाहित जोडपीही आता अंदमान-मालदीवला जातात. त्यांच्या डोळ्यांत कोणता समुद्र भरून पाठवायचा, याची थोडी जबाबदारी आपलीही आहे.

घरचे उदाहरण मालवणचे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध होत राहिला, कारण आपल्या रोजच्या पाण्यावर कोणीतरी दूर बसून रेघ ओढली, ही त्यांची भावना होती. रापण ओढणारा माणूस उधाण आणि भांग यांचा हिशेब बोटांवर करतो, कोणत्या पट्ट्यात तळ कसा आहे हे त्याला पायाने ठाऊक असते. ते ज्ञान मराठीत आहे. त्याच्या शब्दांचा संग्रह करायला भाषेचे किती अभ्यासक गेले? राखीव क्षेत्राची अधिसूचना आणि त्या क्षेत्रावर जगणाऱ्याची बोली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम मराठीच्या माणसाने करायचे नाही, तर कोणी करायचे?

६.

एक खुलासा आवश्यक आहे, कारण आम्ही मराठवाड्यातून लिहीत आहोत. ‘गायरान वाचवा’ हे वाक्य इथे भोळेपणाने उच्चारता येत नाही. भूमिहीन दलितांसाठी गायरान हा हक्काचा, पोटाचा आणि सन्मानाचा प्रश्न राहिला आहे. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह विसरून गवताची बाजू घेणारा माणूस आमच्या लेखी अर्धाच वाचक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगताना भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसारख्या बाबी अपवाद म्हणून मानल्या, हेही लक्षात ठेवावे. आमचा आक्षेप दोन एकर कसणाऱ्या कुटुंबावर नाही. आक्षेप आहे तो ‘रिकामी जमीन’ या शब्दप्रयोगावर. आज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी दिल्या जात आहेत, त्यांत गायराने आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण ती जमीन ‘रिकामी’ होती म्हणून दिली, असे म्हणू नका. ती भरलेली होती. कशाने भरलेली होती याची नोंद ठेवणारे शब्द तुमच्याकडे नव्हते. जमिनीवर असो वा लगूनमध्ये, कुरणाच्या बाजूने बोलायचे तर त्यावर जगणाऱ्या माणसाला वगळून बोलता येत नाही, हा आगत्तीचा धडा माळालाही लागू आहे.

शब्द नव्हते म्हणजे खरोखर नव्हते काय? आमच्या एका विद्यार्थिनीने, ती मेंढपाळ कुटुंबातली आहे, आजोबांना विचारून गवतांची नावे लिहून आणली : कुसळी, मारवेल, शेडा, पवन्या, कुंदा, हराळी, आणखीही काही. कोणते गवत मेंढरू आधी खाते, कोणते फुलावर आल्यावर तोंडाला टोचते, कोणते दुष्काळातही तग धरते, हे तिने एका पानात लिहिले. आम्ही दोघेही पदव्युत्तर पदव्या घेऊन बसलो आहोत. त्यातली निम्मी गवते आम्हांला समोर ठेवली तरी ओळखता आली नसती. मारुती चितमपल्लींनी (निधन जून २०२५) पक्ष्यांच्या वसाहतींसाठी काकागार, सारंगागार असे शब्द मराठीला दिले. ते वनखात्यात नोकरी करत होते, भाषेच्या खात्यात नव्हे. आपण भाषेच्या खात्यात आहोत, आणि आपण काय दिले?

म्हणून मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. ‘समुद्रकुरण’ हा शब्द वापरात आणावा. याहून चांगला सुचला तर तो आणावा, पण शेवाळ म्हणून मोकळे होऊ नये. पदव्युत्तर प्रकल्पांसाठी जाणिवांच्या साच्याऐवजी एका गावाच्या गवतांचा, किंवा किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत एका खाडीच्या तळाचा, शब्दसंग्रह द्यावा. लक्षद्वीपवरच्या अभ्यासांपैकी एखादा तरी मराठीत आणून, शोकात्मिकेच्या घटकाला जोडून वर्गात वाचावा. आणि कुरण या शब्दावर वाक्य करायला सांगताना पहिले वाक्य शिक्षकाने स्वतः करावे, भ्रष्टाचाराशिवाय.

अभिजाततेचा दर्जा जुन्या ग्रंथांच्या पुराव्यावर मिळाला, तो मिळालाच पाहिजे होता. पण ज्या भाषेत कुरण राखायचे शब्द होते, त्या भाषेत ते पुन्हा राखता येतात की नाही, याचा पुरावा दिल्लीला पाठवायचा नाही. तो वर्गात द्यायचा आहे. येत्या १ मार्चला सभागृह मिळाले नाही तरी आम्ही तास घेणार आहोत, मारवेलची एक पेंढी आणि आगत्तीच्या लगूनचे एक छायाचित्र टेबलावर ठेवून. जालन्याला समुद्र नाही, हे आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकू.